बाबलचं चोरून केलेलं ऑपरेशन

मालवण, मंगळवार, १० नोव्हेंबर २००९

आंदोलनातला माझा जुना सोबती बाबल मुंबईत प्रोस्टेटचं ऑपरेशन करून आला. तेही रोबोटकडून! डॉक्टर म्हणे लांब बसून यंत्राचे हात हलवत होता. आपल्या सरकारी दवाखान्यात सर्जन येईपर्यंत आम्ही दोघांनीही ऑपरेशनला दुसरीकडे जायचं नाही, हे त्या मागणीसाठी उपोषणाला बसताना त्यानेच ठरवलं होतं. मी अजून लघवीची नळी लावून सभा घेतोय. धोतराआड नळी! आणि हा लेकीकडे जातो सांगून गेला, नळी काढून हसत परतला.

"माका कित्याक सांगूक नाय?" मी ओरडलो.

"तुका सांगून काय करू? तू भाषण ठोकतलंस!"

ठोकलं असतंच. आणि मग त्याला एसटीत बसवूनही आलो असतो. इतक्या वर्षांत एवढंही ओळखलं नाही त्याने मला?