नाताळपर्यंत थंड भट्टी

ती. बाबांना,

प्रभूची शांती तुमच्या घरात असो. मी बरी आहे. कैरोत थंडी पडली आहे. नाताळचा उपास पाळते, तरी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

इथल्या चर्चमध्ये कॅमेरे बसवायचं काम मला मिळालं. चित्र स्वच्छ येतं. त्यामुळे बहुतेक लोक घरी पलंगावर बसूनच उपासना पाहतात. अर्पणाची भाकर बाहेरच्या बेकरीतून येते.

काल आमचे पाद्री, अबूना सिदराक, मला चर्चच्या जुन्या भाकरीच्या भट्टीपाशी घेऊन गेले. म्हणाले, "पोरी, ही फोड आणि तुझी यंत्रं इथे मांड."

"यंत्रांना थंड जागा लागते, अबूना."

"अगं, याहून थंड कुठली? इथे दोन वर्षांत काडी पेटलेली नाही!" ते हसले, मग त्यांनी भट्टीच्या तोंडावरून हात फिरवला. "स्तोत्रं म्हणत पीठ मळणारा आता मिळतो का? नाताळच्या आत आणून दाखव, नाहीतर फोडून टाक."

फेब्रोनियाताई लिहिते, आई गेल्यापासून तुम्हीही गावच्या चर्चच्या भट्टीकडे फिरकला नाहीत. गुडघे खरंच दुखतात, की ते निमित्त आहे?

मी अबूनांना तुमचं नाव सांगितलं आहे. भट्टी तपासली. धुराडं मोकळं आहे, विटा शाबूत आहेत. मिन्याहून सकाळची गाडी पकडा. भाकरीवर उमटवायचा क्रूसाचा लाकडी ठसा आईच्या पेटीत आहे, तो आणा.

तुम्ही आला नाहीत, तर ही भट्टी मलाच फोडावी लागेल.

तुमची वाट पाहणारी,
इरीनी