देसूर ठेसनावरचा तह

खासबाग, बेळगाव
चैत्र वद्य पंचमी, सन १९३८

तीर्थस्वरूप सुबरावआण्णा यांसी,

धाकटा चुलतभाऊ भरमू याचा निपाणीकडं तोंड करून दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? राजावहिनींचा खोकला गेला काय? (तंबाखूच्या वखारीला भिंत लागून घर म्हटल्यावर तो कुठं जाणार म्हणा.) इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. आमच्यात ते निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्याचीच हकीकत सांगायला आज बसलोय.

माझ्या थोरल्या बहिणीची लेक बाळाबाई तुम्हांला माहीतच आहे. आमच्या शेजारच्याच शहापूरच्या गुंडूशी तिचं लग्न मीच जमवलं. गुंडू मागावर बसला की लुगड्याचा काठ बघत राहावा असा उतरतो. बाळी तर दहा बायकांचं काम एकटी उरकते, आणि दहा जणींचं बोलणंही. दोघंही गुणी, फक्त एका छपराखाली नकोत. गेल्या साली पंचांनी बसून त्यांना वेगळं केलं. बाळी खानापूरला भावाकडं गेली, गुंडू शहापुरातच राहिला. पोरांनी पौर्णिमेला आईकडं जायचं, अमावास्येला बापाकडं परत यायचं असं ठरलं, आणि त्यांची आगगाडीतनं ने-आण करायचं काम, लग्न जमवल्याची शिक्षा म्हणून, माझ्या गळ्यात पडलं.

नवराबायको वेगळी झाली, आण्णा, पण भांडण काही वेगळं झालं नाही. ते पोरांबरोबर तिकीट न काढता हिंडू लागलं. मालू नऊ वर्षांची, समजूतदार. निघताना बाळी तिला सांगायची, "तुझ्या बाला म्हणावं, पोराचं डोकं उवांनी भरलंय." मालूनं शहापुरात आल्यावर ते इमानानं सांगितलं, की गुंडू तिच्यावरच डाफरायचा, "तुझ्या आईला म्हणावं, उवा खानापूरच्या. शहापुरात उवा न्हाईत!" (शहापुरात उवा आहेत. मला स्वतःला ठाऊक आहे.) ज्याला शिव्या द्यायच्या तो रुळाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून जी समोर तीच त्या खायची. बरं, "आई कशी हाय?" असं बापानं विचारावं आणि पोरीनं "बरी हाय" म्हणावं, तर तेही चुकायचं. "बरीच असणार! तिला काय धाड भरलीय?" शेवटी पोरीनं बोलणंच सोडलं. भाकरी निम्मी टाकून उठायची. गाडीत खिडकीशी बसायची ती खानापूर येईपर्यंत ओठ मिटून.

शामूची तऱ्हा उलटी. वय सहा, आणि अक्कल वकिलाची. तो खानापुरात उतरला की रडवेलं तोंड करून सांगायचा, "बा मला शिळी भाकरी घालतोय." की लागलीच बाळी पुरण शिजत टाकायची. शहापुरात आला की, "आई मला उपाशीच निजवती." की गुंडू माग सोडून जिलबी आणायला पळायचा. दोन्हीकडं उपाशी असलेलं हे पोर एवढं फुगलं की अंगरख्याचे बंद जुळेनात, तरी आईबापाच्या ध्यानात येईना. एकमेकांचं वाईट ऐकायला मिळालं की माणसाला पोराचं पोट दिसत नाही.

म्हणून मी ठरवलं, दोघांना समोरासमोर बसवायचं. खानापूरला गुंडू येणार नाही, शहापुरात बाळी पाऊल टाकणार नाही. मग वाटेवरचं देसूर ठेसन निवडलं. तिथं दोघांचाही कुणी नातेवाईक नाही, म्हणजे चिथवायला कुणी नाही. आली दोघं. पण गुंडू फलाटाच्या ह्या टोकाला बसला, बाळी त्या टोकाला, आणि पहिलंच वाक्य, "मालू, तुझ्या बाला सांग..." मी म्हटलं, पोरीला सांगायचं नाही, मला सांगा. झालं! भर उन्हात मी धोतराचा सोगा धरून येरझाऱ्या घालू लागलो. बाळी म्हणाली, "त्येला म्हणावं, दगड बरा." मी गुंडूला सांगितलं, "ती म्हणतीया, तू घट्ट मनाचा." गुंडू म्हणाला, "तिच्या जिभंला हाड न्हाय." मी बाळीला सांगितलं, "तो म्हणतोय, तुझी जीभ मऊ." असं माझं बरं चाललं होतं. तेवढ्यात मालगाडी आली. तिच्या खडखडाटात मी ठेसनमास्तरांच्या कानाशी ओरडून माझं खाजगी मत सांगत होतो, आणि नेमकी गाडी संपली. सगळ्या फलाटाला ऐकू गेलं, "दोघं बी गाढवं हायत!"

दोघंही उठून माझ्यावर चालून आली. आणि वर्षात पहिल्यांदा बाळी थेट नवऱ्याशी बोलली, "ह्यानंच जमवलं आपलं लग्न."

"व्हय की," गुंडू म्हणाला. "त्येलाच इचारायला पायजे."

त्यावर मालू फस्सकन हसली. दोघं तिच्याकडं वळली. तिचं हसू लगेच मावळलं, पण ह्या खेपेला ती बोलली. "मला काय बी सांगू नगा. हितनं तिकडं नेताना लई जड हुतंय. मी नुसती येती आन् जाती."

आण्णा, गुंडूनं पटका सोडून तोंड पुसलं. बाळी, जिला गप्प करायला पंच हरले, तिनं मान खाली घातली. मग वर न बघताच तिनं गुंडूला विचारलं, "पोराला शिळं का घालतोस?" गुंडू चमकला. "मी? तूच उपाशी निजवतीस न्हवं?" दोघांनी शामूकडं बघितलं. तो त्या वेळी आईनं आणलेल्या करंजीनं एक गाल आणि बापानं आणलेल्या पेढ्यानं दुसरा गाल भरून बसला होता. बोलायला तोंड रिकामं नव्हतं, म्हणून त्यानं सरळ भोकाड पसरलं.

तह झाला. एकत्र नांदणार नाहीत; ते मीही मागितलं नाही. पण पोरांच्या तोंडी निरोप नाही, आणि "तिकडं काय झालं?" ही चौकशी नाही. सांगायचं ते देसूरला, स्वतः, तोंडावर. परतीच्या गाडीत मालूनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मामाच्या शेळीची गोष्ट बेळगाव येईतो सांगितली. ती शेळी एवढी हुशार असेल असं मला वाटत नाही, पण मी एका शब्दानं अडवलं नाही.

वडील माणसांना दंडवत, लहानांना गालगुच्चा.

तुमचा आज्ञाधारक,
भरमू

ता. क. शामूला आता दोन्ही घरी साधी भाकरी मिळते. म्हणून त्यानं तिसरं घर शोधलंय, आमचं. आमच्या कारभारणीनं, बायाक्कानं, त्याची कहाणी खरी धरून त्याला ठेवून घेतलंय.

ता. क. दुसरा. आज्जा गाडीत माझे लाडू खातोय, असं त्यानं बायाक्काला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. "शामू, तुझ्या आज्जाला सांग, भात वाढलाय," एवढाच काय तो संसार. आणि तो निरोप भात निवल्यावरच पोचवतो.

ता. क. तिसरा. तुमचं घर मोठं, वहिनींना लहान मुलांची हौस. तेव्हा सोमवारच्या सर्व्हिस मोटारीनं त्याला निपाणीला धाडतोय. गुंडू-बाळीची दोघांचीही संमती घेतली आहे (त्यांचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट). नाही म्हणू नका. मात्र लाडवांबद्दल तो काय सांगेल त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. तीनच होते.