म्हापसा की बांबोळी

६ नोव्हें.
मुंबईहून नीलिमाचा फोन. माझी संख्याशास्त्राची जुनी विद्यार्थिनी. देशात पुढच्या वर्षांत कॅन्सरचे रुग्ण किती, मृत्यू किती, हा अंदाज तिच्या गळ्यात. रुग्ण जुळतात, मृत्यू जुळत नाहीत. "बाई, आज जितक्या बायका डॉक्टरकडे उशिरा येतात, तितक्याच पुढेही येतील असं धरू?"
धर म्हटलं. बायका बदललेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

८ नोव्हें.
केरीला गेले. धाकटी जाऊ, सुमन. छातीत गाठ, गणपतीच्या आधीपासून. सांगते आज! डॉक्टरने तुकडा काढून तपासायला सांगितलंय. तर दत्ताभावजींनी देवळात कौल लावला, बायकोला न्यावं का? मूर्तीवरची डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. विषय संपला.
"वयनी, देव नाय म्हणता."
"गाठ देवाच्या छातीत नाही, भावजी."
ते ताटावरून उठले. बोलायला नको होतं. पण...

९ नोव्हें.
पेडण्याला परत. नीलिमाच्या 'उशिरा'त सुमन बसली आहे आणि मी 'धर' म्हणून मोकळी झाले.
ओरडून उपयोग नाही. भावजी कौल मोडणार नाहीत, सुमन भावजींचा शब्द मोडणार नाही. मुळात देवाला प्रश्नच चुकीचा विचारलाय. जन्मभर मुलींना सांगितलं, उत्तराआधी प्रश्न तपासा.

१० नोव्हें.
पुन्हा केरी. भावजींना म्हटलं, माझा एक कौल लावू द्या. नाही म्हणवेना त्यांना.
गुरवाला सांगितलं, असं गाऱ्हाणं घाला: तपासणी म्हापशाच्या इस्पितळात की बांबोळीच्या? उजवी म्हापसा, डावी बांबोळी. त्याने दोनदा विचारून घेतलं. मग घातलं.
पाकळ्या मूर्तीला चिकटून. हलेनात. दोन्ही नाही पडल्या तर? हात कधी जोडले गेले कळलं नाही.
उजवी.
पायऱ्या उतरताना सुमन कानाशी, "वयनी, देवाक नाय म्हणूक जागाच ठेवलात नाय तुमी." हसली.

११ नोव्हें.
म्हापसा. तुकडा काढला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. भावजी दोन चहा हातात घेऊन दाराशी ताटकळत होते, गार झाले तरी धरलेले.
सुमन बसमध्ये: "पयलो कौल डावो पडलो, तेवा माका बरां वाटलां. खरां सांगतंय."
खिडकी लावून घेतली, वारा लागत होता तिला.

१७ नोव्हें.
उद्या रिपोर्ट.
नीलिमाचा फोन. आकडे आज पाठवायचे आहेत. उशिरा येणाऱ्या तेवढ्याच धरल्या, ठीक ना? ठीकच आहे. एका बाईने देशाचं प्रमाण हलत नाही, हे मीच तिला शिकवलं. आणि ही एक तरी वेळेवर पोचली का, तेही माहीत नाही.
"उद्या दुपारी विचार."
"बाई, सगळं माझ्यासाठी अडलंय!"
"अडू दे."
संध्याकाळी केरीहून भावजींचा फोन. सुमन विचारते, उद्या हिरवी नेसू काय निळी?
म्हणजे रिपोर्टला येणार आहे. निळी सांगितली.