दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं

स्लोन फोर्क, केंटकी
१२ मे १९९४

चि. रेटा हिस व्हर्ना आत्याचे आशीर्वाद, आणि त्याहून थोडा जास्त राग.

तुझा दुसरा अल्बम पहिल्या नंबरवर गेल्याचं रेडिओ दिवसातून दहा वेळा सांगतो. पहिल्याला कुणी हुंगलंही नव्हतं, तेव्हा सुखात होतो आम्ही. आता पोस्टातली बाईसुद्धा तिकिटं देताना तुझंच गुणगुणते.

पण ते शेवटचं गाणं! तुझा बाप एल्झी तीस वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावरून भजनाची एकेक ओळ गाऊन सांगतो आणि सगळे ती उचलतात. आपल्याकडे साधी पेटी चालत नाही, आणि तू चर्चच्या टेपवरचा त्याचा आवाज घेऊन त्याखाली ढोल घातलास? एल्झीला विचारायचं तरी! चर्चची वडीलधारी मंडळी अडून बसलीत. येत्या सभेत त्याने ती रेकॉर्ड पाप आहे असं उभं राहून म्हणावं, नाहीतर ओळ सांगणं सोडावं. तो मात्र ताटावरून उठतो आणि ट्रकमध्ये जाऊन बसतो. मी घेवडा शिजवू की तुमचे तंटे निस्तरू?

तुझी वैतागलेली आत्या,
व्हर्ना

नॅशव्हिल
१९ मे १९९४

ती. व्हर्ना आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कानाखाली बसल्यासारखं वाटलं. विचारलं नाही, कारण डॅडी नाही म्हणाले असते.

ती टेप आजोबांच्या स्मरणसभेतली. तेव्हा आई होती. तिसऱ्या ओळीला डॅडींचा आवाज बसतो आणि सगळ्यांच्या आधी एक बाई ती ओळ उचलते. ती आई आहे गं. तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याच टेपवर नाही. ढोलाशिवाय रेडिओवाले गाणं लावणार नाहीत, असं कंपनी म्हणाली आणि मी मान डोलावली. तिथे चुकलंच माझं. म्हणशील तर सभेत येऊन मीच माफी मागते.

डॅडींना सांभाळ. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण पत्र लिहीत जा.

तुझी रेटा

स्लोन फोर्क
६ जून १९९४

चि. रेटास आशीर्वाद.

सभेला येऊ नकोस असं मी फोनवर ओरडले ते बरंच झालं. बघ्यांनीच चर्च भरलं असतं.

तुझं पत्र एल्झीला वाचून दाखवलं. म्हणतो कसा, तो आवाज तिचाच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! ट्रकमध्ये कॅसेट लावून बसायचा हा बाबा, आणि मी रोज वाढलेलं ताट झाकून त्याच्या काळजीने अर्धी झाले.

काल सभेत उभा राहिला. म्हणाला, ढोल घातला हे वाईट, पोरीने विचारलं नाही हे त्याहून वाईट. पण माझी बायको तिथे माझी ओळ उचलते, त्याला पाप म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. एवढं बोलून मागच्या बाकावर जाऊन बसला. मग दुसऱ्याच कुणी ओळ सांगितली, ती पण बेसूर. एल्झीने तीही सगळ्यांबरोबर उचलली. मला रडू फुटलं, आणि चारचौघांत रडणाऱ्या बायकांचा मला किती तिटकारा आहे ते तुला ठाऊक आहे.

तुझ्याशी अजून बोलायचं नाही म्हणतो, म्हणून निरोप्या मी. विचारतोय, ढोल काढून नुसतं गाणं पाठवता येईल का.

लवकर पाठव. लोभ आहेच, तो बोलून दाखवायला लावू नकोस.

व्हर्ना आत्या