मैदानाच्या तोंडाशी फाटक

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा! गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, गॅरेजमधून बोलताय का?" घरातूनच बोलतेय बाबा, कानाला हेडफोन लावून, तुझ्या बिघडलेल्या गीझरची तक्रार लिहून घेतेय. मागच्या मैदानात टोणग्यांची टोळी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली आणि एक स्कूटर घेऊन मातीच्या ढिगांवरून उड्या मारते, त्याला मी काय करू?

सुपरवायझर बाईंनी गोड आवाजात बजावलं — पुन्हा असा गोंगाट ऐकू आला तर "वेगळा विचार करावा लागेल." वेगळा विचार म्हणजे नारळ.

आईच्या खोलीची खिडकी मैदानाकडेच. बंद करून आले. "उघडी असू दे गं," म्हणाली. म्हटलं, नोकरी गेली की हवा खाऊनच राहायचंय, तेव्हा उघडू.

५ मार्च, बुधवार
पोलिसांना फोन. "गाड्यांचे नंबर टिपून ठेवा." नंबरप्लेटच नाहीत, म्हटलं. "मग तपास कठीण आहे." धन्य.

९ मार्च, रविवार
सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरींनी आजच्या तरुण पिढीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि शेवटी ठराव काय — तर पाटी लावायची. "येथे वाहने उडवणे हे असभ्यपणाचे लक्षण आहे." रंग निळा की लाल, यावरून दोघांची जुंपली.

११ मार्च, मंगळवार
पाटी लागली. निळी.

१२ मार्च, बुधवार
पाटी उपटून ढिगाला टेकवलीय. आता उड्या जास्त लांब जातात.

१७ मार्च, सोमवार
मी हट्टालाच पेटले होते. शेवटी मैदानाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. माणसांसाठी बाजूला चिंचोळी फट, तिच्यातून सेक्रेटरी पोट आत ओढून पलीकडे जातात. आईची चाकांची खुर्ची मात्र जात नाही. म्हणून कुलपाची एक चावी सेक्रेटरींकडे, दुसरी आमच्याकडे. आईने ती मागून घेतली आणि उशाशी ठेवली. "कधी नेतेस?" रविवारी, म्हटलं.

२० मार्च, गुरुवार
शांतता. स्वर्ग! सुपरवायझर बाई म्हणाल्या, आवाज एकदम स्वच्छ येतोय. आई मात्र गप्प गप्प. खिडकी सताड उघडून दिली तरी तोंड वाकडंच. आता काय, गोंगाट नाही म्हणून रुसायचं?

२३ मार्च, रविवार
आईला न्यायचं राहिलं. कपाट आवरता आवरता संध्याकाळ झाली. पुढच्या रविवारी नक्की.

२५ मार्च, मंगळवार
परत आले! फाटक उघडं, कुलूप शाबूत, कडीला लोंबतंय. म्हणजे चावीनेच उघडलंय. माझ्या गिऱ्हाइकाने वैतागून फोन आपटला. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "शुक्रवारी बोलू." संपलं. आता आईचं औषधपाणी कुणाच्या जिवावर करायचं? 

तडक सेक्रेटरींच्या दारात गेले. जिन्यात माणसं जमली, तरी थांबले नाही. "चावी तुमच्याकडे, स्कूटर उडवणारा भाचा तुमचा — आम्हाला काय कळत नाही?" ते लालेलाल. म्हणाले, "एक चावी तुमच्याकडेही आहे." म्हटलं, ती माझ्या आईच्या उशाशी असते. ती काय चाकांच्या खुर्चीवरून उड्या मारते? सगळे फिदीफिदी हसले. सेक्रेटरींनी दार लावून घेतलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२६ मार्च, बुधवार
आईची चादर बदलायला उशी उचलली. चावी नाही.

"मीच खिडकीतून खाली टाकली," आई म्हणाली. जरासुद्धा ओशाळली नाही.

का, म्हणून विचारलं.

"अगं, ती पोरं जाता-येता वर बघून हात करतात. दिवसभरात तेवढंच कुणीतरी."

मी असते की घरात, म्हटलं.

"असतेस ना," ती म्हणाली. "जा, तुझा फोन वाजतोय."