लिंबाखालचा कंडक्टर

सुपा, ता. पारनेर
वैशाख, १९७३

ती. सौ. आक्कास, धाकट्या गहिनीनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर विडीही थांबलेली नसणार, हे मी इथून सांगतो.) माझं विचारशील तर जिवंत आहे, त्याहून जास्त काही सांगता येत नाही. आणि या पत्राला कारण दुसरं तिसरं कोणी नाही, तूच आहेस.

दिवाळीला आलीस तेव्हा म्हणालीस, मुक्ता गेल्यापासून नुसता भिंतीकडं बघत बसतोस, नोकरीतनंही सुटलास, आता चार लोकांच्या उपयोगी पड, बरं वाटेल. ऐकलं तुझं. जन्मभर तुझं ऐकून तोंडघशी पडत आलो, तरी ऐकलं. इथं माळावर दुष्काळी काम निघालंय, पाझर तलावाचं. गावच्या बाया दिवसभर खडी फोडतात. त्यांची तान्ही पोरं सांभाळायला बिनपगारी माणूस कोण मिळेल, असं सरपंचांनी चावडीवर विचारलं आणि मी हात वर केला. सगळे हसले. मला वाटलं, कौतुकानं हसले.

काम म्हणजे काय, तर लिंबाच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्यात, त्यांत पोरं, आणि खाली मी. सारा जन्म एसटीत कंडक्टरकी केली, बाजारच्या दिवशीच्या गाडीलाही शिस्त लावली. पण असले प्रवासी बघितले नव्हते गं! सगळे एकदम ओरडतात आणि सगळं जागच्या जागी उरकतात. माझं एक धोतर वाळतंय तोवर दुसरं भिजतं. दगडाबाईची चांगुणा म्हणून एक पोर आहे, ती माझी मिशी मुठीत धरूनच झोपते. मिशी सोडवली की जागी. (परवा तिच्या झोळीवर वाकून माझी मान अशी धरली की संध्याकाळपर्यंत मी जमिनीकडंच बघत होतो.)

त्यात गेल्या आठवड्यात नगरहून कुणा साहेबांच्या बाईसाहेब पाहणीला येणार असं कळलं. झालं, माझ्या अंगात कंडक्टर संचारला. गाडी स्वच्छ हवी! काजळ ओघळून पोरं कोळशाच्या वखारीतनं आल्यागत दिसत होती. मी पिंपातलं पाणी घेतलं (होय, प्यायचं, टँकरचं, आता तू तरी बोलू नकोस) आणि एकेकाचं तोंड लख्ख पुसून काढलं. त्यात गालावरची तीटही गेली. ती परत लावायची असते, हे ध्यानातच आलं नाही. मुक्ताला नि मला कुठं मूलबाळ? बाईसाहेब आल्या आणि प्रत्येक झोळीत वाकून किती गोड, किती गुटगुटीत म्हणत सुटल्या. (गुटगुटीत! कामावर वाटतात त्या सरकारी सुकडीवर!) म्हाताऱ्यानं किती छान सांभाळलीत म्हणून माझंही कौतुक केलं. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं शिंकायला लागली आणि चांगुणाला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी एकीनंही पोर माझ्याकडं दिलं नाही. चांगुणाला दगडाबाईनं खडीच्या ढिगाआड पाटीच्या सावलीला निजवलं होतं. केवढी ती सावली! मी लांबून बघत होतो. हाक मारायची हिंमत होईना. वर रिकाम्या झोळ्या वाऱ्यानं हलत होत्या. आक्का, मला रडू आलं बघ, काय लाजायचं तुझ्यापुढं?

दुपारी दगडाबाई चांगुणाला कडेवर घेऊन ताडताड आली. वाटेत सुकडीच्या कढईची काजळी बोटावर घेतली. आता ही मारते म्हणून मी डोळे मिटले, तर तिनं माझ्याच गालावर भली मोठी तीट ओढली. म्हणाली, "तुमालाबी दिष्ट लागली आसंल बाबा, ती बाई तुमचंबी लई गुनगान करत हुती. धरा हिला. ताप उतरलाय, पर उनात न्हाई ठेवायची." मागोमाग बाकीच्या आल्या. प्रत्येकीनं पोर दिलं आणि एकेक बोट टेकवलं. मी तसाच गावातनं घरी गेलो. कुत्र्यांनीसुद्धा ओळखलं नाही.

तेव्हा आता माझी दया येऊ दे. आक्का अत्यवस्थ, ताबडतोब निघा, एवढी तार कर. सरपंचांना दाखवतो आणि सुटतो. याउपर माझ्याच्यानं होत नाही.

तुझा भाऊ,
गहिनीनाथ

ता. क. तार इतक्यात नको. चांगुणाला दात येतोय, ती दुसऱ्या कुणाकडं झोपायची नाही.

पुन्हा ता. क. तार करूच नकोस. त्याऐवजी तुझी जुनी लुगडी असतील तेवढी एसटीनं पाठव. नवी नकोत, पोरांच्या अंगाला बोचतात, चांगली वापरून मऊ झालेली दे. कामावर नव्या बाया आल्यात, झोळ्या पुरत नाहीत. मुक्ताची पेटी उघडली मी, आक्का. इतकी वर्षं हात लावला नव्हता, तुला ठाऊकच आहे. सगळी लुगडी आता लिंबाला बांधलीत, आणि तिच्या हिरव्या इरकलीत चांगुणा झोपते. पेटीत काही उरलं नाही, म्हणून तुझ्याकडं मागतो.