चिंचेनं घासलेल्या फळ्या

घाटकोपर (पूर्व),
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय जयवंत,

बोटींच्या बुडाला लावायच्या रंगात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला कंपनीनं नागपूरला पाठवावं, यात तिथल्या कुणालाही विनोद दिसला नाही. अशा लोकांमुळेच माझ्यासारखीला विनोदी लेख लिहावे लागतात. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं असतं तरी समुद्रापासून याहून लांबचा डेपो त्यांना सापडला नसता. तू तिथं दिवाणखान्यांच्या भिंतींचे रंग विकतोस म्हणे. दोन वर्षांत तुझं एक दिवाळीचं कार्ड आलं, छापील मजकुराखाली नुसती सही. सहीला काय उत्तर पाठवणार? म्हणून गप्प राहिले. आज बसलेय, कारण आपल्या फळ्यांचं प्रकरण पुन्हा उघडलंय. खारदांड्याच्या पाण्यातला तो प्रयोग कधी खरेपणानं पुरा होणार की नाही, ते या महिन्यात ठरायचं आहे.

आधी कॉलेजची खबर. तुमच्या कंपनीच्या पैशांतून झालेला ‘सागरी संशोधन कक्ष’ तू पाहिलेलाच नाहीस. दारावर श्यामसुंदरशेठच्या मातोश्रींच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, आत गुळगुळीत लाद्या आहेत, पडदे समुद्राच्या रंगाचे आहेत. पाण्याचा नळ तेवढा नाही. तो आराखड्यात राहून गेला. सध्या तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. प्राचार्य मात्र आल्यागेल्याला कक्ष आवर्जून दाखवतात, तेही चपला बाहेर काढायला लावून.

तू मुलुंडच्या कारखान्यातून स्कूटरवर रंगाचा डबा घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आलास, तो दिवस आठवतो? एम.एस्सी.ला आपण एका टेबलावर काम करायचो, त्यानंतर पंधरा वर्षांनी उगवलास तो थेट मुद्द्यावर. “शुभा, तुमच्याकडे डोकी आहेत पण काम नाही, आमच्याकडे काम आहे पण...” पुढचं वाक्य मी पुरं केलं, तेव्हा चिडलास. पण तुझं खरं होतं. माझे विभागप्रमुख म्हणायचे, कारखानदाराच्या पैशावर संशोधन करणं म्हणजे सरस्वतीला नोकरीला लावणं. आणि तुमचा अकाउंटंट म्हणायचा, मास्तर लोकांना देणगी देता येईल, पाहिजे तर हारसुद्धा घालू, पण कामाचे पैसे कसले? कॉलेजला काम नको होतं, कंपनीला मोबदला द्यायचा नव्हता. या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून तू महिनाभर चहा पीत बसलास आणि शेवटी एका कागदावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्यास. तेव्हा मी फक्त “चहानं ॲसिडिटी होईल” एवढंच म्हणाले. मनात जे आलं होतं ते वेगळं होतं.

प्रयोग इतका साधा होता की शाळेतल्या पोराला कळावा. लाकडाच्या डझनभर फळ्यांना वेगवेगळ्या घडणीचे रंग द्यायचे, एक फळी कोरी ठेवायची आणि सगळ्या वर्षभर समुद्रात टांगायच्या. बोटीच्या बुडाला शिंपल्यांचे, कालवांचे थर बसतात, बोट जड होते, डिझेल जास्त खाते. कुठल्या फळीवर थर कमी, ते पाहायचं. तो थर हाच आपला निकाल. खारदांड्याच्या नाना कोळ्यानं त्याच्या तराफ्याला आपली चौकट बांधू दिली. दर रविवारी आपण जाऊन पाहून यायचो. तू जोगेश्वरीत वाढलेला असलास तरी मूळचा वेंगुर्ल्याचा, आणि तुलाच पहिल्या लाटेला उलटी! नाना म्हणाला, “साहेब, गावाकडं सांगू नका हां, वाळीत टाकतील.” तुझ्या आईचा घावण्यांचा डबा असायचा. दुसऱ्या महिन्यापासून त्यात दोघांपुरते घावणे येऊ लागले. माझ्या वाटणीचे मी खाऊन टाकले. बोलले असते तर काहीतरी खवचटच बोलले असते.

मग तो समारंभ. वर्ष पुरं झालं, शेठ स्वतः फळ्या पाहायला येणार म्हणून प्राचार्यांनी स्वागत समिती नेमली. आदल्या दिवशी आपण फळ्या वर काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून प्रयोगशाळेत ठेवल्या. मोजणी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, असं ठरलं होतं. सकाळी आपण दोघं पोचलो तर फळ्या जागेवर नाहीत. त्या सभागृहात होत्या, पांढऱ्या चादरीवर, ओळीनं, प्रत्येकीला हळदकुंकू, समोर रांगोळी. आणि आरशासारख्या स्वच्छ! स्वागत समितीच्या प्रेमाताई पहाटे येऊन, दोन शिपायांना हाताशी धरून, खरवडणीनं आणि मग चिंच नि काथ्यानं त्या घासून बसल्या होत्या. “अहो, पाहुणे यायचे नि फळ्या अशा? कसली घाण चिकटली होती, शी! किती वास येत होता!” असं म्हणून त्यांनी मला हात दाखवले. शिंपल्यांनी बोटं कापली होती, सगळीकडे पट्ट्या. इतक्या अभिमानानं दाखवले रे! घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या आयांनी दुसरं काय केलं असतं? आपलं एक वर्ष कचऱ्याच्या बादलीत होतं, आणि ती बादलीसुद्धा प्रेमाताईंनी धुऊन ठेवली होती.

शेठनी फळ्या पाहिल्या आणि खूश झाले. “एकावरही काही नाही! वा!” त्यांनी तिथल्या तिथं भाषणात रंग यशस्वी झाल्याचं सांगितलं, कक्षाला निधी जाहीर केला. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी माइक धरला आणि म्हटलं, “शेठजी, ज्या फळीला आम्ही रंगच लावला नव्हता, तीही इतकीच स्वच्छ आहे.” सभागृह हसलं. अर्ध्या लोकांनी माझे दिवाळी अंकांतले लेख वाचलेले, बाई बोलायला उभ्या राहिल्या म्हणजे हसायचंच. मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं, “अहो, घासल्यात हो सगळ्या! चिंचेनं!” तर टाळ्याच पडल्या. शेठ रुमालानं डोळे पुसत होते. इतकी वर्षं लोकांना हसवायची हौस केली, तिची किंमत एका वाक्यात वसूल झाली. तिसऱ्या रांगेत तू बसला होतास. तुझा चेहरा दगडासारखा होता.

नंतर मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, निधी आलाय तर तुम्ही शिंपले काय मोजत बसलाय? कंपनीला लिहिलं, त्यांनी आभाराचं छापील पत्र पाठवलं. तू तुझ्या वरिष्ठांना कळवलंस की प्रयोग बाद झालाय, आणखी एक वर्ष द्या. शेठ जाहीरपणे बोलून बसले होते, तेव्हा चूक तुझीच ठरणार होती. महिन्याभरात नागपूर. तू निघालास त्या दिवशी मी दादरला यायचं ठरवलं होतं, आणि प्राचार्यांनी नेमकी कक्षाच्या लाद्यांचा रंग निवडायला बैठक लावली. मी काय सुचवलं ते सांगत नाही, इतिवृत्तात घेता आलं नाही. कंपनी म्हणाली, निकाल लागला, आता संशोधन कशाला? कॉलेज म्हणालं, पैसे आले, आता संशोधन कशाला? विद्येचं आणि उद्योगाचं इतकं एकमत मी पुन्हा पाहिलं नाही.

रंग बाजारात आला. डब्यावर ‘कॉलेजच्या चाचणीत उत्तीर्ण’ असं छापलंय. नानानं तो आपल्या विश्वासावर घेतला. गेल्या महिन्यात त्यानं बोट वाळूवर ओढली आणि मला निरोप धाडला. बुडावरून हात फिरवला तर सोलून निघाला असता. नाना हसत म्हणाला, “बाय, तुमच्या रंगावर शिंपल्यांनी झोपडपट्टी बांधली की!” चिडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, हसण्यासमोर काय करायचं ते मला त्या सभागृहापासून कळत नाही.

घरी न जाता तशीच मुलुंडला गेले. शेठ आता येत नाहीत, मुलगा नंदकिशोर पाहतो. त्यानं जन्मात दिवाळी अंक वाचलेला नाही, त्यामुळे मी सांगितलेलं त्याला ताबडतोब खरं वाटलं. तक्रारी त्याच्याकडेही साचल्या होत्या. तो म्हणाला, पुन्हा करू. पूर्ण वर्ष, देणगी नाही, कामाचे रीतसर पैसे, समारंभ तर नाहीच. अट एकच, फळ्या दर वेळी वर काढताना कंपनीचा जाणकार माणूस हजर हवा आणि निकालावर दोघांची सही हवी. त्याचं वाक्य संपायच्या आत मी तुझं नाव घेतलं.

परवा त्यानं सांगितलं की तू नकार कळवलास. नागपूरला बस्तान बसलंय, एखाद्या तरुण माणसाला घ्या, म्हणून. कंपनीत असा तरुण नाही, तूही जाणतोस. महिनाअखेर कुणी मिळालं नाही तर तो डब्यावरचा मजकूर बदलणार आणि विषय संपवणार. तुला दोष देत नाही, जयवंत. खरं सांगितल्याबद्दल मला हशा मिळाला, तुला बदली मिळाली. हिशेब माझ्या बाजूनं स्वस्त पडला, हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी कधीतरी मला पुन्हा उभं राहून या फळ्यांबद्दल बोलायचं आहे, रंग कसोटीला उतरला असेल तर उतरला, नसेल तर नाही म्हणायचं आहे, आणि लोक पुन्हा हसतील. त्या वेळी समोर न हसणारा एक माणूस बसलेला लागतो रे. मला असा एकच माहीत आहे. डबा मी आणीन. घावणे मला जमत नाहीत, तुझ्या आईंकडे जोगेश्वरीला जाऊन शिकतेय. दोघांपुरतं पीठ कसं भिजवायचं, ते त्यांनी न विचारताच दाखवलं.

तुझीच, या एका पत्रापुरती तरी विनोद न करणारी,
शुभा